ऐकणारे घरचेच

बँडवाल्याचं वाजवणं कुणी ऐकत नाही. तक्रार म्हणून सांगत नाही, धंदाच तसा आहे. वरातीत माणसं नाचायला येतात. नवरदेव घोड्यावर फेटा सांभाळत असतो, करवल्या एकमेकींच्या साड्या न्याहाळत असतात आणि मुलीकडची वडीलधारी माणसं कार्यालयाच्या दारात घड्याळ बघत उभी असतात. क्लॅरिनेटवाल्यानं दुसऱ्या अंतऱ्यात कुठली जागा घेतली हे विचारणारा माणूस मला रस्त्यावर कधी भेटला नाही. तो घरात भेटायचा, रात्री गणवेश उतरवताना.

आमचा बँड घरचाच. आजोबा सनईवाले. माझ्या वडिलांनी, आण्णांनी, सनई ठेवून क्लॅरिनेट धरलं, कारण लोकांना लाल कोट आणि पितळेची वाद्यं हवी होती. मेरठच्या नादिर अली कंपनीचा शिक्का असलेलं युफोनियम तात्यांच्या, म्हणजे माझ्या काकांच्या, खांद्याला. थोरला दादा ट्रंपेटवर, चुलतभाऊ साइड ड्रमवर, आत्याचे यजमान मोठ्या ढोलावर. घरात जो सर्वांत लहान, त्याच्या हातात खुळखुळे. मीही तिथूनच सुरुवात केली. बायका रांगेत कधी उभ्या राहिल्या नाहीत, पण सुपाऱ्यांची वही आत्याची आणि सगळ्यांत पक्का कान आईचा. कोट इस्त्री करता करता ती आदल्या दिवशीच्या वाजवण्याचा हिशेब चुकता करायची. 'दादा आज घाईत होता' एवढंच म्हणायची, आणि दादा दोन दिवस तोंड चुकवायचा.

आम्ही मिरजेचे. या गावात ऐकणाऱ्यांना तोटा नाही. सतारमेकर गल्लीत भोपळ्यावर तारा चढतात. ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मोठमोठे गवई हजेरी लावून जातात. खाँसाहेब 1937 साली गेले, त्यांची कबर त्याच दर्ग्यात आहे. त्या उरुसातली एक रात्र आण्णा सुपारी घेत नसत. ऐन लग्नसराईत उरूस आला तरी नाही. आम्हा पोरांना नेऊन बसवायचे आणि बजावायचे, 'हलायचं नाही.' किराण्याच्या गायकीतला तो सावकाश उलगडत जाणारा सूर ऐकून दुसऱ्या दिवशी आम्ही परण्याला नागीण वाजवायचो. रुमालाची फणा करून कुणीतरी रस्त्यावर लोळायचा, दातांत दहाची नोट धरून मास्तरांच्या तोंडापाशी आणायचा. हे विसंगत आहे असं तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. 1954 च्या 'नागिन'मधली ती पुंगी मुळात पुंगी नव्हतीच. कल्याणजींनी ती क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर वाजवली होती. आण्णा तीच धून क्लॅरिनेटवर अशी काढत की लोळणाऱ्याला खरंच विष चढल्यासारखं व्हायचं.

पण माझा जीव रमला तो 'सूरज'मधल्या रफीसाहेबांच्या गाण्यात. शंकर-जयकिशन यांचं, 1966 सालचं. नवरदेव मांडवाच्या दारात आला की आजही तेच लागतं. ते शिवरंजनीत आहे. सा रे ग प ध, त्यातला गंधार कोमल. जाणकार या रागाला करुण म्हणतात आणि गेल्या दोन पिढ्यांची लग्नं आम्ही याच रागात दारी आणली. एकाही व्याह्यानं हरकत घेतली नाही! बिनाका गीतमाला लागली की आण्णा रेडिओला कान लावून वहीत सरगम उतरवून घेत. मुंबईच्या स्टुडिओत त्या गाण्याला व्हायोलिनांचा ताफा होता, आम्ही अकरा जण. व्हायोलिनांची भरणी तात्यांनी युफोनियमवर घेतली. तीही अशी, की खालून हात देऊन क्लॅरिनेटला वर चढवावं. गोव्याकडचे वादक नोटेशन वाचून वाजवत, आमच्याकडे कागद नव्हता. एकमेकांच्या भुवया वाचायच्या. वैशाखातल्या उन्हात वाद्यं तापली की स्वर चढतो. आण्णा चालता चालता क्लॅरिनेटची बॅरल केसभर बाहेर ओढत आणि ते बघून मागची रांग आपापलं वाद्य जुळवून घेई. वरातीतल्या कुणाला याचा पत्ता नसे.

घरच्या बँडचं लोकांना कौतुक वाटतं. एकत्र राहिले, एकत्र वाजले वगैरे. मला ते फार खरं वाटत नाही. मजुरी कुणाला किती, हे आमच्याकडे ठरलेलं नव्हतं, म्हणून प्रत्येकाला आपल्याला कमी मिळतं असं वाटायचं. बक्षिसीच्या नोटा कुणाच्या खिशात गेल्या यावरून जेवणं थांबलेली मी पाहिली आहेत. शेवटी तात्या वेगळे झाले. जुन्याच नावाआधी 'न्यू' लावून त्यांनी पलीकडच्या गल्लीत पाटी टांगली. (कुठल्याही गावात 'न्यू' अमुक ब्रास बँड दिसला, की दोन भावांत वाटणी झाली असं खुशाल समजावं.) आण्णा आणि तात्यांचं बोलणं बंद झालं ते कैक वर्षं.

एकदा एकाच मुहूर्ताच्या दोन वराती किल्ला भागातल्या चौकात समोरासमोर आल्या. अशा वेळी एका बँडनं थांबायचं आणि दुसऱ्याला वाट द्यायची, असा रिवाज. आण्णा थांबले नाहीत, तात्याही थांबले नाहीत. दोन्हीकडे नेमकं 'सूरज'मधलं तेच गाणं सुरू होतं. आम्ही अंतऱ्यावर आलो आणि पलीकडून युफोनियमची ती जुनी भरणी आली, आमच्या क्लॅरिनेटखाली, जिथं हवी तिथं. दोन-चार आवर्तनं तशी गेली, मग वराती पुढे सरकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांचा धाकटा मुलगा निरोप घेऊन आला, 'आण्णांना सांग, गंधार चढा लागत होता.' आण्णा संतापले. मग आत जाऊन त्यांनी रीड बदलली. दोघांत पुन्हा बोलणं सुरू झालं ते त्या गंधारावरून. पैशाचा विषय दोघांनीही पुढे काढला नाही.

बाकीचं सगळ्यांना ठाऊक आहे. आधी बेंजो पार्ट्या आल्या, मग डॉल्बी. 2016 साली 'सैराट' आला. त्याचं संगीत अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन तिथल्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं होतं आणि लोक तेच आम्हा अकरा जणांकडे मागू लागले. दिलंही आम्ही. 2020 ची लग्नसराई टाळेबंदीत गेली. 2021 च्या एप्रिलमध्ये पंचवीस माणसं आणि दोन तास असा सरकारी हुकूम निघाला. त्यात बँडवाले मोजायचे की नाही, असा प्रश्न होता. आम्हाला कुणी बोलावलंच नाही, त्यामुळे तो सुटला.

आता बँड माझ्या नावावर आहे, पण रांगेत घरचं कुणी नाही. हंगामापुरती उचल घेऊन पोरं येतात. चांगली वाजवतात, आमच्याहून सफाईदार. चुकलं तरी कुणी कुणाला बोलत नाही. हिशेब झाला की आपापल्या गावी जातात. माझा मुलगा डॉल्बीच्या गाडीवर मिक्सर सांभाळतो. कान त्यालाही आहे. परवा म्हणाला, 'बाबा, स्पीकरवर सगळ्यांचा गंधार बरोबर असतो, म्हणून कंटाळा येतो.' मी त्याला क्लॅरिनेट घे म्हटलं नाही. मिक्सरवर पगार बरा मिळतो, आणि जेवायला तो पहिल्या पंगतीला बसतो.

पंगतीचं एवढ्यासाठी सांगतो, की पिढ्यान्‌पिढ्या मंगलकार्य आमच्या वाजवण्याशिवाय अडायचं आणि आमची पानं मात्र शेवटी, बहुतेकदा मांडवाबाहेर मांडली जायची. तेव्हा घरी कार्य असेल आणि बँड सांगितला असेल, तर दोन गोष्टी करा. बँडवाल्यांना वाजवण्याआधी तासभर जेवू घाला, सगळ्यांबरोबर आत बसवून. भरल्या पोटी लगेच फुंकता येत नाही आणि उपाशी पोटी दम टिकत नाही. आणि वरात दाराशी आली, की निदान एक अंतरा नाच थांबवून ऐका. मास्तर चुकला तर तोंडावर सांगा. तो रागावेल, पण रीड बदलेल.