उरलेला उजेड

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला फायबर ऑप्टिक्सचा पेपर असतो, आणि पहिल्या तासाला फळ्यावर बहुतेक ठिकाणी एकच आकृती निघते. दोन समांतर रेषा आणि त्यांच्यामधून भिंतींवर आपटत पुढे जाणारा एक किरण. पूर्ण आंतरिक परावर्तन शाळेपासून ओळखीचं असतं. 1841 साली जिनिव्हात दानिएल कोलादों यांनी पाण्याच्या वाकलेल्या धारेतून उजेड वळवून दाखवला, तोही याच तत्त्वावर. पण मला त्या आकृतीने कधी फारसं धरून ठेवलं नाही. आज जगभर अंथरलेल्या सिंगल मोड फायबरचा गाभा जेमतेम नऊ मायक्रॉनचा. तिथे किरणाचं चित्र पुरत नाही, उजेडाला लाट मानावं लागतं, आणि ती लाट थोडी भोवतालच्या क्लॅडिंगमध्येही पसरलेली असते. या विषयाचा जीव मला सापडला तो पुढच्या प्रकरणात. मुलं त्याला 'लॉसेसचं चॅप्टर' म्हणतात आणि न्युमेरिकल्सपुरतं वाचून सोडून देतात.

त्या प्रकरणातला एक आकडा मी अजून विसरू शकत नाही: किलोमीटरला 20 डीबी. चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी 1966 साली इंग्लंडमधल्या हार्लो इथल्या प्रयोगशाळेतून शोधनिबंध लिहिला. काचेतला लॉस एवढ्यावर आणता आला तर काचेच्या तंतूतून दूरवर बोलता येईल, असं त्यांचं म्हणणं होतं. 20 डीबी म्हणजे शंभरातला एक भाग उरणं. एका किलोमीटरनंतर नव्याण्णव भाग उजेड गेलेला, एक भाग हातात, आणि एवढ्यावर काम भागेल म्हणणारा माणूस! त्या वेळच्या काचेच्या तंतूंत लॉस किलोमीटरला हजार डीबीच्या घरात होता. म्हणजे वीस मीटरवरच शंभरातला एक. बहुतेकांनी ते आकडे पाहून काचेचा नाद सोडला होता. काओंनी मात्र आधी विचारलं की हा उजेड नेमका खातंय कोण? उत्तर निघालं, काच खात नाही, काचेत मिसळलेले लोखंडासारख्या धातूंचे अंश खातात. काच शुद्ध करा, वाट मोकळी होईल. मला हा प्रश्न विचारणं त्या उत्तराहूनही मोठं वाटतं. 2009 चं नोबेल त्यांना मिळालं ते याच कामासाठी.

पुढे 1970 साली अमेरिकेत कॉर्निंगच्या मॉरर, केक आणि शुल्ट्झ या तिघांनी 17 डीबीचं फायबर ओढलं. आज 1550 नॅनोमीटर तरंगलांबीला हा आकडा 0.2 च्या आसपास आहे. हिशेब करून पाहा: वीस मीटर, मग एक किलोमीटर, आणि आता शंभर किलोमीटर. उरणारा भाग तोच, शंभरातला एक. पुण्यात सोडलेला उजेड साताऱ्याच्या अलीकडे पोचेपर्यंत तेवढाच क्षीण होतो, जेवढा पूर्वी एका वर्गातून शेजारच्या वर्गात जाईपर्यंत होत असे.

एवढी शुद्धता आली कुठून? वाळू वितळवून ती येत नाही. सिलिकॉन टेट्राक्लोराइडची वाफ करतात. धातूंची क्लोराइडं तेवढ्या सहज वाफ होत नाहीत, ती मागे राहतात. त्या वाफेत ऑक्सिजन मिसळून तापवलं की फिरत्या नळीच्या आत पांढऱ्या काजळीसारखे सिलिकेचे थर बसतात, त्यांची भरीव कांडी होते, आणि ती दोन हजार अंशांच्या आसपास मऊ करून तिच्यातून 125 मायक्रॉनचा तंतू ओढला जातो. हे काम आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरला स्टरलाइटच्या कारखान्यात चालतं. आणि टेलिफोन एक्स्चेंजांना जोडणारी देशातली पहिली ऑप्टिकल फायबर जंक्शन लाइन 1979 साली पुण्यातच सुरू झाली, हे पुण्यात हा विषय शिकणाऱ्या मुलांना पहिल्या तासाला सांगायला हवं. मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग हा आकडा 0.2 च्या फारसा खाली का जात नाही? इथे हे प्रकरण खरं सुंदर होतं. तापलेल्या रसात रेणूंची धावपळ चालू असते. काच थिजते तेव्हा ती धावपळ आहे त्या जागी अडकते. कुठे रेणू किंचित दाट, कुठे किंचित विरळ. ही विषमता कितीही शुद्ध काचेत राहतेच, आणि उजेड तिच्यावर आदळून दाही दिशांना विखुरतो. रॅले यांनी 1871 साली आकाशाच्या निळेपणाचं कारण दिलं, त्याच नियमाने. विखुरणं तरंगलांबीच्या चौथ्या घाताने कमी होतं, म्हणून 850 नॅनोमीटरपेक्षा 1550 ला ते सुमारे अकरा पटींनी कमी. आपल्या डोक्यावरचं आकाश निळं का, आणि दूरचा संदेश डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडातून का पाठवावा, या दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर आहे. हे कळलं त्या दिवशी मी वहीत पुढचं काही लिहिलं नाही.

पण त्या विखुरण्याचा उपयोग मला पुस्तकाबाहेर कळला. कॉलेजसमोरच्या रस्त्यात खोदकामात केबल तुटली होती, आणि चेंबरपाशी दोन माणसं जोडणीला बसली होती. मी वाकून बघायला लागले तर त्यातले एक म्हणाले, "ताई, तुकड्यांना हात लावू नका. बोटात गेला तर दिसणारही नाही." निळं, नारिंगी, हिरवं, तपकिरी, करडं असा बारा रंगांचा क्रम त्यांना तोंडपाठ होता. कोटिंग सोलायचं, अल्कोहोलने पुसायचं, क्लीव्हरने टक् करून तोडायचं. स्प्लायसिंग मशीनच्या पडद्यावर दोन टोकं समोरासमोर आली, सरकत सरकत एका रेषेत बसली, क्षणभर ठिणगी पेटली आणि मधली फट नाहीशी झाली. खाली आकडा आला: 0.02 डीबी.

"तुटलं कुठे ते कसं कळलं?" मी विचारलं.

"ओटीडीआर लावला की."

ओटीडीआर एका टोकातून उजेडाचा स्पंद सोडतो आणि त्याच टोकाशी परत येणारा उजेड मोजत राहतो. परत काय येतं, तर रॅलेच्या विखुरण्यातला मागे वळलेला अगदी थोडा अंश. किलोमीटरमागे जाऊन-येऊन दहा मायक्रोसेकंद. त्यावरून पडद्यावर एक उतरती रेघ उमटते. जोड असेल तिथे बारीकशी पायरी, कनेक्टर असेल तिथे सुळका, आणि तुटलं असेल तिथे रेघ संपते. ज्याला आम्ही परीक्षेत नुकसान म्हणून लिहीत होतो, त्याच्याच भरवशावर ते दोघं बरोबर या चेंबरपाशी येऊन पोचले होते.

अलीकडे पोकळ गाभ्याचं फायबर येतं आहे. त्यात उजेड बहुतांशी हवेतून जातो, त्यामुळे वेगही जास्त आणि विखुरणंही फार कमी. काचेची ती जुनी मर्यादा त्यात ओलांडली जाते आहे. पण मग मागे परतणारा उजेडही तितकाच कमी, आणि नेहमीच्या ओटीडीआरला त्यात फारसं काही दिसत नाही. आतल्या हवेकडून परतणारा पुसटसा उजेड पकडायला जास्त संवेदनशील यंत्रं लागतात. तशा एखाद्या यंत्रावर उमटलेली रेघ मला एकदा बघायची आहे. आणि हा विषय कधी शिकवायची वेळ आली, तर मी त्या दोन समांतर रेषा बाजूला ठेवून लॉसेसच्याच प्रकरणापासून सुरुवात करेन.