सब्रचे चार महिने

हेअर ट्रान्सप्लांट धाकट्याचं झालं, पण सांभाळलं आम्ही सगळ्यांनी. 27व्या वर्षी कपाळ मागे सरकू लागलं, तेव्हापासून तो चारचौघांत मिसळेनासा झाला होता. दोन वर्षांची बचत त्याने यात घातली.

सुरुवातीचे दिवस डोकं उंच ठेवून झोपायचं, वाकायचं नाही, टोपी घालायची नाही. नमाज खुर्चीवर बसून, सजदा इशाऱ्याने. तिसऱ्या दिवशी कपाळाची सूज डोळ्यांपर्यंत उतरली. अम्मी घाबरल्या. डॉक्टर म्हणाले, आपोआप ओसरेल, ओसरली. 10-12 दिवसांत खपल्याही गेल्या.

खरी परीक्षा तिसऱ्या आठवड्यात आली. लावलेले केस उशीवर दिसू लागले. पैसे पाण्यात गेले म्हणून तो जेवेना. आम्ही त्याला पुन्हा पुन्हा समजावलं : वरचा केस गळतो, मूळ आत शाबूत राहतं आणि तीन-चार महिन्यांनी त्यातूनच नवा केस येतो.

मग रोज आरशात पाहणं बंद केलं. महिन्याच्या पहिल्या जुम्याला, त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात आम्ही एक फोटो काढायचो. पहिले तीन फोटो सारखेच. चौथ्यात बारीक, मऊ, जरा वाकडे केस दिसले. अब्बांनी चष्मा लावून ते मोजायला घेतले, तेव्हा तो कितीतरी दिवसांनी हसला.

पूर्ण रूप यायला वर्ष लागतं. तुमच्या घरात कोणी या वाटेवर असेल, तर तिसऱ्या आठवड्यात त्याला एकटं सोडू नका.