साखरेचे पैसे

“साखरेचे काय होतील ते पैसे देऊ हो आम्ही!” माझ्या नणंदेच्या विहीणबाई डोंबिवलीत, भर बोरन्हाणात, चार बायकांसमोर मला हे म्हणाल्या. डिसेंबर लागला की ते वाक्य अजून आठवतं आणि डोकं तापतं.

नणंदेच्या नातवाचं पहिलं बोरन्हाण होतं, 21 जानेवारी 2024, रविवार. काळं झबलं घातलेलं बाळ पाटावर, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, आणि खाली पोरांची झोंबाझोंबी. सगळ्यांना ठाऊक आहे, सांगत बसत नाही. बाळाच्या अंगावरचे हलव्याचे दागिने माझ्या हातचे होते. मुकुट, हार, बाजूबंद, बासरी. नुसते दागिने नव्हे, त्यातला हलवासुद्धा.

हलवा घरी करायचा तर कोरडी थंडी लागते. परात मंद आचेवर ठेवायची, तिळावर एकतारी पाक चमचाभर सोडायचा, बोटांनी फिरवत राहायचं, सुकला की पुढचा चमचा. आच वाढली की साखर पिवळी पडते आणि आलेला काटा झडतो. कमी पडली की दाणे एकमेकांना चिकटून बसतात. इथे उलथनं कामाचं नाही. पाक सुकला की नाही ते बोटांनाच कळतं, म्हणून बोटंच भाजतात. एका बैठकीत हे होत नाही, आजचा दाणा उद्या पुढे न्यायचा. बारीक कामाला खसखस, मोठ्या दाण्याला साबुदाणा, लोंबत्या टोकांना लवंग. मग गुंफणं. या दाण्याला भोक पाडता येत नाही. एकेक दाणा दुहेरी दोऱ्याच्या गाठीत धरायचा, गाठ काट्यांच्या मधोमध बसवायची. जरा जोरात ओढली की दाणा फुटला. पुण्याहून डोंबिवलीला नेल्यावर आणखी एक धास्ती, तिथल्या दमट हवेत हलवा सादळतो. आदल्या रात्री सगळे “दाखवा, दाखवा” करत होते, मी डबा उघडू दिला नाही.

बाजारात मिळणारे बरेचसे दागिने पुठ्ठ्यावर गोंदाने चिकटवलेले असतात. वर्षाचं मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं. त्याच्या गळ्यात गोंद कसा घालायचा? म्हणून मी दोऱ्याचेच करते.

तर विहीणबाईंनी हार हातात घेतला, उलटा केला, मागच्या गाठी पाहिल्या आणि म्हणाल्या, “घरीच करता? मग बरंच झालं. आमच्या भाच्याच्या बायकोचा पहिला सण आहे. रथसप्तमीच्या आत हळदीकुंकू करतोय. तिचा पूर्ण सेट करा, भाच्यालाही हार-नारळ करा. साखरेचे...” पुढचं वर लिहिलंच आहे.

त्यांनी मागितलं याचा राग नाही. “हौस आहे हो, कराल का?” म्हणाल्या असत्या तर मी बहुधा केलेही असते. राग त्या हिशेबाचा. किलोभर साखर, म्हणजे तेव्हाचे चाळीस-पंचेचाळीस रुपये, एवढीच माझ्या कामाची किंमत! त्याच कार्यक्रमाला फोटोग्राफर बोलावला होता, त्याचे दुपारभराचे पैसे आधी ठरवून दिले होते. त्याला कोणी म्हणालं नाही की तुमच्या कॅमेऱ्याच्या चार्जिंगचे काय होतील ते देऊ. बाईने घरात बसून केलं की त्यात फक्त सामान मोजायचं, ही रीत कुणी पाडली? स्वेटर विणणारीला लोकरीचे पैसे, गोधडी शिवणारीला दोऱ्याचे. आणि माझी नणंद शेजारी उभी राहून कौतुकाने सांगत होती, “वहिनींना आवडच आहे त्याची.”

मी “बघते” म्हणाले. मग फोन सुरू झाले. आमचे हे म्हणाले, “चिडतेस कशाला? रीतसर भाव सांग.” भाव ठरवायला बसले आणि जास्तच बिनसलं. एकीला भाव सांगितला की बाळाला दिलेल्या दागिन्यांवरही आकडा चिकटतो. शेवटी ज्या बायका दर हंगामात हेच काम पोटासाठी करतात, त्यांच्यापैकी एकीचा नंबर त्यांना दिला. तिचा भाव ऐकून विहीणबाई जरा गप्प झाल्या, पण पैसे मोजले. मला ते आवडलं. त्या बाईला तिच्या कामाचे पैसे मिळाले.

पुढे हळदीकुंकवाचे फोटो आले. खरं सांगायचं तर ते दागिने माझ्यापेक्षा सुबक होते. नथ तर इतकी नाजूक की फोटो मोठा करकरून पाहत बसले. गोंदच वापरला असणार, पण नव्या सुनेला कुठे हार चघळायचाय!

आता कुणासाठी काही करायचं नाही असं मी तेव्हा घरात जाहीर केलं होतं. यंदा भाचीला मुलगी झाली आहे आणि माळ्यावरून परात खाली आली आहे. आणखी कुणाला हवे असतील त्यांनी थंडी पडायच्या आत सांगावं, आणि दुपारी बोटं भाजून घ्यायला स्वतः यावं. जेवण माझ्याकडे.