भोगीचा पाहुणा

थंडीत पाहुणा बोलवायचाच असेल, तर भोगीला बोलवावा. संक्रांतीच्या आदल्या दिवशी स्वयंपाक असा सोपा, की वांगी, गाजर, घेवडा, पावटा, सोलाणे, ओले शेंगदाणे, चार बोरं, मंडईत दिसेल ते एकाच पातेल्यात जातं. वर तिळाचं कूट, चिंच नि गूळ. जोडीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी अन् लोण्याचा गोळा. ‘न खाई भोगी, तो सदा रोगी’ एवढं म्हटलं, की दुसरं पक्वान्न मागायची कुणाची छाती होत नाही!

आता, हे सगळं सोलायचं कुणी? आमच्या आईनं त्याचा निकाल कधीच लावलाय. पाहुणा टेकला रे टेकला, की त्याच्यापुढे परात आणि शेंगांचा ढीग!

जमिनीच्या तुकड्यापायी तीन वर्षं अबोला धरलेले माझे दोन्ही मामा एका भोगीला असेच एकाच परातीशी बसले. पाऊण तास नुसता दाण्यांचा टपटप आवाज. शेवटी थोरले कडाडले, “किडका दाणा टाकलास की रे आत!”

“मी नाही दादा, तुझाच तो!”

झालं, जुंपली! आईनं पदरानं डोळे टिपले. म्हणाली, “बोलले बाई एकदाचे! आता भाकऱ्या टाकते.”