कापशी

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात आमच्या मांजरीने माळ्यावर तीन पिले घातली. दोन तिच्यासारखीच करडी. तिसरे मात्र वाडीत हिंडणाऱ्या पांढऱ्या बोक्यासारखे शुभ्र. आठ-दहा दिवसांनी डोळे उघडले, तेव्हा तिघांचेही निळे होते. दीडदोन महिन्यांत करड्या पिलांच्या डोळ्यांत हिरवट-पिवळी झाक उतरली. पांढरीचे निळेच राहिले. "ही अल्बिनो," असे शेजाऱ्यांनी सांगितले. आम्हीही ते मानले आणि तिचे नाव कापशी ठेवले.

कापशी देखणी होती, परंतु आमच्या मते हट्टी. ताटली वाजली की भावंडे धावत येत; ही पायरीवर ऊन खात बसे. एकदा ती मासळीच्या टोपलीत तोंड घालू लागली. मी दोनदा दरडावले. ती ढिम्म! रागाने मी वर्तमानपत्राची गुंडाळी तिच्या पाठीत हाणली. ती दचकून कोपऱ्यात दडली. तिच्या नजरेत अपराध्याचा भाव नव्हता. होते ते केवळ आश्चर्य.

पुढे लस टोचण्यासाठी नेले असता पशुवैद्यांनी तिच्या पाठीमागे टाळी वाजवली. कानसुद्धा हलला नाही.

"हिला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "आणि ही अल्बिनोही नव्हे."

अल्बिनो प्राण्यात रंगपेशी असतात, परंतु त्यांना रंगद्रव्य बनवता येत नाही. म्हणून त्याच्या फिकट डोळ्यांत प्रकाश पडला की तांबूस छटा दिसते. कापशीच्या बाबतीत त्या पेशीच गर्भावस्थेत त्वचेपर्यंत आणि डोळ्यांपर्यंत पोहोचल्या नव्हत्या. अशाच पेशी आतल्या कानालाही लागतात. त्या नसल्या की जन्मानंतर काही आठवड्यांतच श्रवणशक्ती नाहीशी होते. दोन्ही डोळे निळे असलेल्या पांढऱ्या मांजरांपैकी साधारण ६५ ते ८५ टक्के बहिरी असतात. एकच डोळा निळा असल्यास सुमारे ४० टक्के. निळे डोळे आणि बहिरेपणा यांचा हा संबंध डार्विनने १८५९ सालीच आपल्या ग्रंथात नोंदवला होता. मला मात्र तो घरात असूनही दिसला नाही.

त्या दिवसापासून आम्ही तिला रस्त्याकडे जाऊ दिले नाही, की मागून उचलले नाही. बोलवायचे झाल्यास माळ्याच्या फळीवर हाताने थाप मारायची. तो कंप तिच्या पायांना कळे आणि ती लगेच वळून पाही.

कापशी हट्टी नव्हतीच. तिला हाक कशी मारावी, हे मलाच ठाऊक नव्हते.