माळा गेला, घर तापलं

कुरखेडा तालुक्यातल्या जुन्या घरात शिरलं की मी आधी वर बघते. सागाच्या खांबांवर मयाली, मयालींवर आडवे दांडे, दांड्यांवर बांबूचे तट्टे आणि तट्ट्यांवर चार बोटं जाडीचा माती-तणसाचा थर. हा माळा. त्याच्यावर धानाचं बियाणं, मोहफुलं, सणावाराची मोठी भांडी. त्याच्याही वर, उतरत्या फाट्यांवर, कवेलू. म्हणजे माणसाच्या डोक्यावर दोन छतं, आणि दोन्हींच्या मधे कोंडलेली नव्हे तर कवेलूच्या फटींतून हळूहळू खेळती हवा. मी वास्तुविशारद आहे आणि जुनी घरं दुरुस्त करणं हेच माझं काम आहे. ते करताना एक मत पक्कं होत गेलं. घरं पक्की करण्याच्या भरात आपण माळा काढून टाकला आणि आजचं घर मे महिन्यात भाजतं, डिसेंबरात गारठतं, त्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे. तो माळा नव्या रूपात परत बसवता येतो. थोड्या पैशांत आणि बहुतेक इथल्याच वस्तूंनी.

घराला उष्णतारोधक थर देणं हे बर्फाळ देशांचं काम, असा समज आहे. तिकडे जुन्या घरांच्या भिंतींत आणि माळ्यांवर काचलोकर किंवा कागदाचा भुगा भरतात, ते हीटरची ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. पण थराला ऋतू कळत नाही. त्याचं काम उष्णतेचा प्रवास मंद करणं, ती बाहेरून आत येत असो की आतून बाहेर जात असो. आपल्याकडे दोन्ही प्रवास होतात. ब्रह्मपुरी आणि चंद्रपूरची नावं मे महिन्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांत असतात, पारा ४६-४७ अंशांवर जातो. कुरखेडा त्याच पट्ट्यातलं. आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे तोच पारा दहा अंशांच्या आसपास, कधी त्याच्याही खाली उतरतो. बेडगावचा घाट चढून कोरचीकडे गेलं की थंडी आणखी बोचते. या थंडीबद्दल कोणी लिहीत नाही, कारण ती थोडे दिवस असते. पण त्या थोड्या दिवसांत पत्र्याखाली झोपणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला विचारावं.

पत्रा रात्री काय करतो ते सांगते. स्वच्छ आभाळाच्या रात्री तो आपली उष्णता सरळ आभाळाकडे सोडत राहतो आणि भोवतीच्या हवेपेक्षाही थंड होतो. आतल्या माणसांच्या श्वासातली आणि चुलीवरच्या भाताची वाफ त्याला खालून भिडते, तिचं पाणी होतं आणि पहाटे ते अंथरुणावर टपकतं. लोक म्हणतात, पत्र्याला घाम आला. मग घरात शेकोटी पेटते, दार बंद असतं, धूर लेकरांच्या छातीत जातो. दुपारी उलटं. मेच्या उन्हात पत्रा साठ-पासष्ट अंशांपर्यंत सहज तापतो आणि खाली बसलेल्या माणसाच्या डोक्यावर उष्णता फेकतो. हवेचं तापमान मोजलं तर घरातली आणि बाहेरच्या सावलीतली हवा सारखीच निघेल, पण घरात बसवत नाही, कारण ती झळ हवेतून नाही, थेट पत्र्यातून अंगावर येते. पंखा तिच्यापुढे हतबल असतो.

मग माणसं अंगणात झोपतात. उघड्यावर मच्छरदाणी नीट बांधली जात नाही. गडचिरोली हा मलेरियाचा जिल्हा आहे, आणि जमिनीवर अंथरूण टाकलं की मण्याराची भीती. घराचं छप्पर हा आरोग्याचा विषय आहे असं मी म्हणते तेव्हा माझ्या मनात हे सगळं असतं, आणि सिकलसेलही. मध्य भारतातल्या या आजाराबद्दल नागपूरच्या डॉ. शुक्ल आणि डॉ. सोळंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. आज आपल्या भागात हा आजार नसलेलं गाव शोधावं लागेल. सिकलसेलच्या रुग्णाला असह्य वेदनांचा झटका येतो, त्याला निमित्त होणाऱ्या गोष्टींत अंगाला लागलेली थंडी आहे आणि घामानं शरीरातलं पाणी कमी होणंही आहे. पत्र्याचं घर या दोन्ही गोष्टी वर्षाच्या दोन टोकांना पुरवतं. कुरखेड्यातच उभ्या राहिलेल्या ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’सारख्या संस्थांमुळे इथे आरोग्याची चर्चा गावात, बायांच्या बैठकीत होते. त्या चर्चेत छप्पर यायला हवं.

तरीही पत्रा घेणाऱ्याला मी दोष देणार नाही. कवेलूचं घर दर उन्हाळ्याच्या शेवटी फेरावं लागतं. वानरांची टोळी एकदा छपरावरून गेली की अर्धे कवेलू फुटतात, आणि जंगलालगतच्या गावात ती रोज जाते. नवे कवेलू थापणारे कुंभार कमी झाले. फाट्यांना उधई लागते, सागाचं लाकूड परवडत नाही. पाऊस इथे धो-धो पडतो, आणि गळक्या छपराखाली चार महिने काढलेल्या बाईला पत्रा म्हणजे सुटका वाटते. ती सुटका खरी आहे. पुढे घरकुल आलं. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण भागात २०१६ पासून सुरू आहे. तिच्यात किमान २५ चौरस मीटरचं घर आणि आपल्यासारख्या जिल्ह्यांसाठी १ लाख ३० हजारांचं अनुदान धरलं आहे. पाया, भिंती, दारं होईस्तोवर पैसा संपत येतो आणि छपराची पाळी शेवटी येते. तिथे पत्रा पडतो. ज्यांच्याकडे थोडं जास्त असतं ते स्लॅब टाकतात आणि पुढच्या उन्हाळ्यात म्हणतात, “मॅडम, स्लॅब तर रातभर तापते न जी.”

तापतेच. जड वस्तू आणि रोधक वस्तू यांतला फरक इथे समजून घ्यावा लागतो, कारण माझ्या मते सगळा घोळ याच एका ठिकाणी होतो. माती, वीट, काँक्रीट या जड वस्तू उष्णता अडवत नाहीत, साठवतात आणि उशिरा सोडतात. दीड फूट जाडीच्या मातीच्या भिंतीतून दुपारची उष्णता आत पोचायला दहा-बारा तास लागतात. ती पहाटे पोचते, तेव्हा खिडकीतून गार हवा येत असते, म्हणून ती जाणवत नाही. चार इंची स्लॅबला मात्र तीनेक तासच लागतात. दुपारची झळ ती संध्याकाळी, नेमकी माणसं घरी आल्यावर, खाली सोडू लागते आणि मध्यरात्रीपर्यंत सोडत राहते. उलट तणस, धानाचा भुसा, थर्मोकोल यांच्यात जीव हवेचा. अडकून स्थिर झालेली हवा उष्णतेला फार हळू पुढे जाऊ देते. हिशेब मांडला तर चार इंच भुशाइतका अडथळा काँक्रीटनं उभा करायचा असेल, तर स्लॅब अडीच-तीन मीटर जाड करावी लागेल. अडीच-तीन इंच थर्मोकोलचंही गणित जवळपास तसंच निघतं. जुन्या माळ्यात दोन्ही गुण होते. मातीचं जडपण होतं, वर हवेची खोली होती, आणि सर्वांत वर कवेलूची सावली.

म्हणून माझा पहिला आग्रह असा की आधी छप्पर, मग भिंत. बैठ्या घराला मेमध्ये जवळजवळ डोक्यावरून जाणारं ऊन लागतं, आणि ते सगळं छप्पर झेलतं. भिंतींना पडवी आणि छपराच्या पाख्या निदान काही तास सावली देतात. भिंतींवर खर्च करून छप्पर तसंच ठेवणारी घरं पाहिली की वाईट वाटतं.

पत्र्याच्या घरात मी माळा कसा बसवते ते सांगते. जुना मातीचा माळा जसाच्या तसा बसवता येत नाही. तीन इंच मातीचा भार एका चौरस मीटरला सव्वाशे किलोच्या आसपास जातो. सागाच्या मयाली तो पेलत होत्या, आजचे लोखंडी पाइप पेलणार नाहीत. भुशाचा चार इंची थर तेवढ्याच जागेला दहा-बारा किलोंचा. २५ चौरस मीटरच्या अख्ख्या घरकुलाला अडीच-तीन क्विंटल भुसा पुरतो, आणि आपल्या भागात राईस मिलच्या मागे त्याचे डोंगर उभे असतात. भिंतींच्या माथ्यावरून बांबूचे किंवा हलक्या लाकडाचे दांडे टाकायचे, त्यांवर तट्टे, तट्ट्यांना खालून शेणामातीचा पातळ हात, म्हणजे भुसा गळत नाही. वर धानाच्या रिकाम्या तागाच्या बारदान्यांत भुसा भरून गाद्या करायच्या आणि त्या एकमेकींना चिकटून मांडायच्या. मोकळा भुसा ओतण्यापेक्षा हे बरं, कारण पत्रा कुठे गळलाच तर ओली गादी तेवढी काढून वाळवता येते. भुशात थोडा कोरडा चुना मिसळला की किडे-मुंग्या दूर राहतात. गादी आणि पत्रा यांच्यात हातभर मोकळी जागा हवीच, आणि दोन्ही बाजूंच्या त्रिकोणी भिंतींत जाळी लावलेली भोकं. पत्र्याखालची तापलेली हवा तिथून निघून जाते. ती जागा बंद केली तर निम्मा फायदा गेला.

बायांचे प्रश्न नेहमी नेमके असतात. साप येईल का, उंदीर येतील का, आग लागेल का? उंदरासाठी बारीक तारेची जाळी आणि भिंत-तट्ट्याच्या फटींत चुन्याचा गिलावा. उंदीर नसले की त्यांच्यामागे येणारा सापही टळतो. माळ्यावर दाणा ठेवायची जुनी सवय मात्र इथे सोडावी लागते. आगीचा प्रश्न गंभीर आहे. भुसा तणसासारखा भडकत नाही, धुमसतो, पण धुमसणंही वाईटच. म्हणून चुलीच्या खोलीवर भुसा नाही, तिथे नुसता मातीनं लिंपलेला तट्टा. विजेच्या तारा पाइपमधूनच, आणि भुशातून एकही जोड नाही. पंख्याचा हूक दांड्याला, तट्ट्याला कधीच नाही.

धानाच्या काडीत आणि भुशात सिलिका भरपूर असते, त्यामुळे कोरडं राहिलं तर ते लवकर कुजत नाही. अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या माळरानावर लाकूड मिळेना म्हणून वस्ती करणाऱ्यांनी गवत-काडीच्या गठ्ठ्यांच्या भिंती रचल्या. तिथल्या आर्थर गावात १९२८ मध्ये काडीच्या गठ्ठ्यांनी बांधलेलं चर्च आजही उभं आहे. सांगायचा मुद्दा एवढाच की काडी टिकते, तिला पाणी लागू द्यायचं नाही. आपल्याकडे मात्र काडी शेतात जाळतात.

तट्ट्यांचा प्रश्न गावातच सुटतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखानं आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. त्यानंतर जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा बांबू स्वतः तोडतात, विकतात. तो बांबू कागद गिरणीला जातो तसा आपल्याच गावच्या माळ्यांनाही जावा, आणि बुरडाला वर्षभर काम मिळावं, असं मला मनापासून वाटतं. बांबू पावसाळा संपल्यावर तोडलेला, काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवलेला किंवा बोरॅक्स-बोरिकच्या पाण्यात मुरवलेला घ्यावा. कच्च्या बांबूला भुंगा वर्षभरात पोखरतो.

स्लॅबच्या घरात काम वरून करावं. आतून लावलेला थर स्लॅबला तापू देतो, वरचा थर तिला तापूच देत नाही, आणि तडेही कमी पडतात. घर पाडताना निघालेले जुने कवेलू फेकून देऊ नका. गच्चीवर चुन्याच्या मालात ते पालथे, ओळीनं बसवले की प्रत्येकाखाली हवेची पोकळी राहते. पाण्याचा उतार तेवढा बिघडू द्यायचा नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला देवेंद्रकुमारांनी १९७६ मध्ये सुरू केलेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानं कुंभाराच्या भाजलेल्या शंकूंपासून छतं उभी करून दाखवली. कुंभाराची माती आणि मधली पोकळी हे विदर्भात परकं तंत्र नाही. तेवढंही जमत नसेल तर गच्चीला चुन्याचा पांढरा हात द्यावा. ताजा चुना बहुतेक ऊन परत फेकतो. अहमदाबादच्या वस्त्यांमध्ये पांढरी छपरं झाली, तेलंगणानं २०२३ मध्ये त्यासाठी धोरणच केलं. पण पांढरा रंग फक्त उन्हाळ्याचा सोबती आहे. थंडीत तो काही करत नाही, आणि दर वर्षी नव्यानं द्यावा लागतो.

बाजारात मिळणारी चमकती, फुगेवाली शीट लोक पत्र्याला चिकटवून लावतात. ती चमक उष्णतेच्या किरणांना परतवते, पण चमकत्या बाजूसमोर दोन-तीन बोटं हवा असेल तरच. चिकटवली की उरते फक्त प्लास्टिकची पातळ गादी. धूळ बसली की चमकही जाते. लावायचीच तर खाली टांगून, चमकती बाजू पोकळीकडे करून लावा.

मातीच्या भिंतींबद्दल एकच सांगते. त्यांना सिमेंटचा गिलावा देऊ नका. जमिनीतून चढणारी ओल मातीतून वाळून बाहेर जाते, सिमेंट तिला कोंडतं, आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा पापुद्र्यासारखा सुटून येतो. मागे उधई मजेत वाढलेली असते. शेणामाती किंवा चुना, वर पांढऱ्या मातीचा पोतारा, एवढं भिंतीला पुरतं.

घरकुलाच्या अंदाजपत्रकात माझ्या पाहण्यात आजवर माळ्याची ओळ आलेली नाही. पाया, वीटकाम, दार, पत्रा, शौचालय यांच्या ओळी असतात. तट्टे, दांडे, भुसा, जाळी आणि मजुरी ही एक ओळ वाढवावी आणि ती छपराबरोबरच मोजली जावी, एवढी मागणी ग्रामसभांनी ठराव करून पंचायत समितीकडे पाठवावी. ज्यांचं घरकुल झालं आहे, त्यांनी थांबायचं कारण नाही. हलका धान कापायला आला की तयारीला लागायचं. त्यानंतर महिन्या-दीड महिन्यात मिलमागे नवा, कोरडा भुसा पडेल, बांबूही तोडायला योग्य होईल. बुरडाला तट्ट्यांचं माप आधीच देऊन ठेवा, म्हणजे पौषातल्या थंडीच्या आधी माळा चढतो आणि मार्चअखेर ऊन तापायला लागेल तेव्हा तो जागेवर असतो.