दोन दाते कमी

बीरगांव, रायपूर

चि. भाचेबुवांस,


सिलतऱ्याच्या नोकरीवर रुजू होण्याआधी आजोबांची काळी सायकल ‘फास्ट’ करून ठेवावी, हा निरोप तुझ्या आईकडून पोहोचला. सायकल ओट्यावर निघाली, धूळ झटकली गेली, दाते मोजून झाले. पुढे 44, मागे 18. चाक 28 इंची.

ही जोडी उगाच आलेली नाही. कॅरिअरवर पोतं, दांडीवर पोर आणि समोरून वारा, एवढं गृहीत धरूनच या सायकली बनत. पायडलचा एक फेरा झाला की सायकल साधारण साडेपाच मीटर पुढे जाते. मिनिटाला 60 फेरे धरले तर ताशी वीसेक किलोमीटर. पाळीला निघालेल्या माणसाला घाम न फुटता एवढं पुरतं.

जुन्या हिशेबात हा 68 इंची गिअर: 28 गुणिले 44, भागिले 18. हा हिशेब उंच चाकाच्या सायकलींच्या काळातला. त्यांना चेन नव्हती, पायडल थेट पुढच्या चाकाला. चाक जितकं मोठं तितका वेग, आणि चाक किती मोठं घ्यायचं ते स्वाराच्या टांगेवर ठरे. 68 इंची चाकावर ताडमाड माणसाचेही पाय पुरले नसते. पुढे चेनने मागचं चाक फिरवणारी स्टार्लीची ‘रोव्हर’ 1885 मध्ये आली आणि टांगेची अडचण दात्यांनी सोडवली.

आता बदल. पुढे 48 दात्यांचं चेनव्हील बसतं. पण त्यासाठी कॉटर पिन ठोकून काढावी लागते, आणि गंजलेली कॉटर मुकाट्याने निघाली असं क्वचितच घडतं. शिवाय मोठं चेनव्हील चेनकव्हरला घासण्याची भीती. त्यापेक्षा मागे 16ची फ्रीव्हील बरी. अर्थात जुनी उतरवणंही सोपं नाही. प्रत्येक पायडलबरोबर ती आट्यांवर आणखी घट्ट होत जाते, आणि आजोबांनी पायडलं काही कमी मारलेली नाहीत! मिस्त्री तिचा पाना शिकंज्यात आवळतो आणि अख्खं चाकच फिरवतो. मग मागचं चाक जेमतेम पाव इंच मागे ओढलं की ढिली चेन ताणली जाते, चेन तोडावी लागत नाही. चाक सरकलं म्हणून मागच्या ब्रेकचे रबर मात्र पुन्हा जुळवून घ्यायचे.

एवढ्या खटाटोपाने मिळतं काय? त्याच लयीत ताशी 22. आठ किलोमीटरला 24 मिनिटं लागत होती, ती साडेएकवीसवर येतात. अडीच मिनिटं!

आणखी हाव धरली तर वारा आडवा येतो. वेग 20चा 25 केला की नुसता वारा कापायला जवळजवळ दुप्पट जोर लागतो. आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ 2017 मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने 12 दिवसांच्या आत पूर्ण करून आले. सुमारे 4,800 किलोमीटर. झोप, विश्रांती सगळं धरून सरासरी ताशी सतराच्या आसपास पडते. त्यांच्या हाताशी चढाला हलका, उताराला जड असे कितीतरी गिअर. आजोबांच्या सायकलला एकच. तो जड करून ठेवला की पुलाच्या चढावर आणि सिग्नलवरून निघताना गुडघ्यांना कळतं.

खरी काळजी ब्रेकची. सळ्यांचे ब्रेक, लोखंडी रिम. पावसात रबर नुसते घसरतात. म्हणून 14ची फ्रीव्हील मिस्त्रीने दाखवली तरी घेतलेली नाही.

चेनही मोजली. 24 कड्यांचे 12 इंच भरायला हवेत, भरले सव्वाबारा. अशी ताणलेली चेन नव्या दात्यांवरून उड्या मारते, म्हणून तीही नवी सांगितली आहे. 18ची जुनी फ्रीव्हील तेल लावून डब्यात ठेवली आहे. उन्हाळ्यात समोरून लू सुटली की तूच ती मागशील.

तुझा,
मामा